आग्रहाचे दिवस

भाऊबीज झाली की पुण्यात दुसराच मोसम सुरू होतो. फराळाचे डबे तळाशी जातात, तुळशीची लग्नं लागतात, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागते आणि फोनवर निमंत्रणं यायला लागतात. हुरड्याला येताय ना? चुलतदिराच्या मुलीचं लग्न आहे, आदल्या रात्री संगीत. ऑफिसची वर्षाअखेरची पार्टी बाणेरला. शाळेतली एक मैत्रीण अमेरिकेहून आलीय म्हणून कर्वेनगरच्या गच्चीवर जेवण. आणि सगळ्यांच्या शेवटी तो ठरलेला प्रश्न, ‘थर्टी फर्स्टला काय?’ दिवाळी ते संक्रांत हे दिवस मला मनापासून आवडतात. मी दारू सोडलेली बाई आहे, आणि याच दिवसांत मला सगळ्यांत जास्त जपावं लागतं.

नाव लिहीत नाही. मी ज्या गटात जाते तिथे नाव बाहेर न सांगण्याची पद्धत आहे आणि तिच्या आडोशाने अनेकांचं आयुष्य पुन्हा उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात दारूने पोखरलेली दोन माणसं, एक शेअर बाजारात काम केलेला आणि एक सर्जन, एकमेकांशी बोलत बसली. त्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे आमच्या तोंडी ‘एए’, उभी राहिली. आजही मीटिंगमध्ये मुख्यतः तेच होतं. एक जण शेअरिंग करतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. नोव्हेंबर लागला की शेअरिंगचा विषय आपोआप बदलतो. कुणाचं लग्न, कुणाची पार्टी, कुणाच्या साडूने काय म्हटलं. ऐकताना एक गोष्ट दरवर्षी नव्याने जाणवते, की दारू पाहून डगमगलेली माणसं कमी असतात, माणसांच्या आग्रहाने डगमगलेली जास्त.

आपण आग्रहाची माणसं आहोत. पंगतीत जिलेबीचं ताट घेऊन यजमान येतो, पाहुणा पानावर हात आडवा धरतो, यजमान तो हात बाजूला करून वाढतोच, आणि मग दोघंही हसतात. त्यात पहिला नकार खरा धरायचाच नसतो. ‘नको’ म्हणणं ही पाहुण्याची रीत, ते न ऐकणं ही यजमानाची. आग्रह केला नाही तर पाहुणा घरी जाऊन म्हणतो, जेवायला बोलावलं पण कुणी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. या आग्रहावर मी वाढले, मीही केला आहे आणि त्यातलं प्रेम मला ठाऊक आहे. म्हणूनच ते गच्चीवर आलं की फार अवघड होतं. तोच हात, तीच वाक्यं, फक्त पान जाऊन ग्लास आलेला असतो. ‘अगं, एकच.’ ‘माझ्यासाठी.’ ‘वाईन म्हणजे काय दारू असते का?’ ‘वर्षातनं एकदाच तर भेटतो आपण.’ म्हणणारा माझ्यावर जीव असलेला भाऊ असतो. त्याला नाही म्हणताना मी पेयाला नाही म्हणते आहे असं दोघांनाही वाटत नाही. त्याला नाही म्हटल्यासारखं वाटतं.

सुरुवातीला मी कारणं द्यायचे. पुण्यात सगळ्यांत चालणारं कारण म्हणजे गाडी. डिसेंबरअखेर चौकाचौकात नाकाबंदी असते, आणि कायद्याने शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. ‘गाडी चालवायचीय’ म्हटलं की पुण्याचा माणूस मान डोलावतो. पण लगेच तो म्हणतो, ‘गाडी ठेव इथे, कॅब करून देतो.’ अँटिबायोटिक चालू आहे म्हटलं की गच्चीवर एक तरी डॉक्टर निघतो, ‘कुठलं? त्याला चालते.’ उपास म्हटलं तर ‘रात्री बारानंतर सोडतेसच की.’ आमच्या समुपदेशकबाईंनी हे एका वाक्यात सोडवलं. त्या म्हणाल्या, कारण दिलंत की समोरच्याला ते खोडायची संधी देता. फक्त म्हणा, ‘मी घेत नाही.’ आणि थांबा. ते थांबणं शिकायला मला बराच काळ लागला. त्या दोन-तीन सेकंदांच्या शांततेत आपण उद्धट ठरतोय असं वाटतं आणि तोंडातून काहीतरी निसटतं. आता निसटत नाही. हातात आधीच कोकम सरबताचा ग्लास धरलेला असला तर प्रश्नही निम्म्या वेळा येत नाही, कारण आग्रह करणाऱ्याचा डोळा रिकाम्या हातावर असतो.

‘एक घेतलीस तर काय होतं’ हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण खरंच निरागसपणे विचारतात, कारण त्यांचं काही होत नाही. माझं होतं. वर्षानुवर्षं दारू मिळालेला मेंदू तिच्या आधी येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतो: ग्लासात बर्फ पडल्याचा आवाज, लिंबू कापल्याचा वास, मसाला शेंगदाण्यांवर चिरलेला कांदा. चकण्याची बशी समोर आली की घोट तोंडात जायच्या आधीच डोपामिनची यंत्रणा जागी होते आणि सगळं लक्ष एकाच दिशेला ओढलं जातं. याला आम्ही तलफ म्हणतो, हल्ली गटातली तरुण मुलं क्रेव्हिंग म्हणतात. तिच्याबद्दलची सगळ्यांत उपयोगाची माहिती ही, की ती चढते तशी उतरते. तिला काही दिलं नाही, तर साधारण अर्ध्या तासात तिचा जोर ओसरतो. अर्धा तास पार्टीत उभं राहून काढणं कठीण. खाली उतरून सोसायटीला तीन फेऱ्या मारून, फोनवर गटातल्या कुणाशी बोलत काढणं त्यामानाने सोपं. मी ‘जरा फोन आलाय’ म्हणून उतरते. तो फोन मीच केलेला असतो.

बाई असण्याने यात आणखी एक गाठ पडते. माझ्याबद्दल कुणाला शंकाच आली नव्हती. पुरुष पितो तेव्हा दिसतो, त्याच्या वासाची, तोल जाण्याची, पगार उडवण्याची चर्चा वाड्यात, सोसायटीत होते. मध्यमवर्गीय घरातली बाई स्वयंपाकघराचा दिवा बंद करायच्या आधी पिते आणि सकाळी साडेसहाला डबे भरते. शरीरही आपल्या बाजूने नसतं. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असल्याने तेवढ्याच दारूचं रक्तातलं प्रमाण जास्त होतं. आणि उपचाराला जायचं म्हटलं तर मुलांकडे कोण बघणार, लोकांना काय सांगणार. पुण्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे हे मला कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, म्हणजे माझ्यासारख्या इतक्या असतील की त्यांच्यासाठी खोल्या बांधाव्या लागल्या. त्या विचाराने मी किती रडले! मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं, त्यासाठी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी देणगी दिली. ज्यांनी या शहराला मैफलीत मनमुराद हसायला शिकवलं, त्यांनाच त्या मैफलीतून उठू न शकणाऱ्यांची काळजी वाटली, याचं मला फार अप्रूप आहे.

सगळे पार्टीला घाबरतात. मला पार्टीनंतरच्या दिवसाची जास्त भीती वाटते. एए मध्ये चार गोष्टींवर नजर ठेवायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. या चारांपैकी एक जरी डोक्यावर बसली असेल तर तलफ वाट शोधते. आता आपल्या घरातल्या बाईची दिवाळी डोळ्यांसमोर आणा. चकल्या मोडतात म्हणून पुन्हा भाजणी, पाहुण्यांची अंथरुणं, लक्ष्मीपूजनाला सगळ्यांना वाढेस्तोवर स्वतःच्या पोटात दुपारचा चहा, आणि जेवताना नणंद सहज म्हणून जाते, ‘अनारसे यंदा विकतचे का?’ भूक झाली, थकवा झाला, राग झाला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या गावी जातात, मुलगी हॉस्टेलवर परतते, नवरा कामावर. घरात पणत्यांचं काळं पडलेलं तेल आणि मी. चौथी गोष्ट दारात येते. माझी पिण्याची वेळ पूर्वी हीच होती, ओटा पुसून झाल्यावरची. तेव्हा कुणी आग्रह करायला नसायचं, गरजही नसायची.

त्यामुळे सणात मी आता जेवते. हे लिहायला साधं वाटतं, पण ज्या घरात बायका शेवटी जेवतात तिथे सगळ्यांबरोबर पानावर बसणं ही एक घोषणा असते. मार्गशीर्षातले गुरुवार सासूबाई करतात, मी पूजा मांडते पण उपास करत नाही. रिकाम्या पोटी राहू नये असं डॉक्टरांनी सांगितल्याचं त्यांना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘मग खा की. देवी काय मोजते का.’ आणि पाहुणे गेल्याच्या संध्याकाळी मी घरी थांबत नाही. मीटिंग असेल तर मीटिंग, नाहीतर गटातल्या एखादीकडे.

गटारीचं एक बरं असतं. आषाढ अमावास्येचे दोन-तीन दिवस सांभाळले की श्रावण लागतो आणि पिणारेही महिनाभर हात आखडतात. डिसेंबरला असा श्रावण नाही. उलट सरकारच २४, २५ आणि ३१ डिसेंबरला दुकानांना आणि परमिट रूमना वाढीव वेळ देतं. अलीकडच्या वर्षांत परमिट रूमसाठी ती पहाटे पाचपर्यंत गेली आहे. हे त्याच राज्यात, जिथे १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायला आजही परवाना लागतो. पिणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं कोण जाणे. रात्र लांबवणं सोपं आहे, त्या रात्रीची सकाळ कुठल्या घरात कशी उजाडते ते पाहायला कुणी येत नाही.

सकाळीच तर आपल्या सणांची खरी गंमत आहे, आणि हे मला सोबर झाल्यावर कळलं. नरक चतुर्दशीला अंधारात उठायचं, उटण्याचा वास, कढत पाणी, चिराटं पायाखाली फोडायचं, आणि उजाडायच्या आत आवरून दिवाळी पहाटेच्या गाण्याला जायचं. पिण्याच्या वर्षांत मला हे सगळं डोकेदुखीतून आठवतं, किंवा आठवतच नाही. आता सारसबागेत दिवाळीच्या पहाटे गर्दीत उभी असते तेव्हा आजूबाजूला कुणाच्या हातात काही नसतं, आग्रह झाला तर तो पुढे सरकायचा, नाहीतर सेल्फीत यायचा असतो. डिसेंबरात सवाई असतो. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव माझ्यासारख्यांसाठी मोठा आधार आहे, असं मी म्हटलं तर गाण्यातले लोक हसतील, पण खरं आहे. संध्याकाळचे तास, जे मला एकेकाळी भरता येत नसत, तिथे ख्यालाने भरतात. भारतीय बैठकीवर सतरंजी, गुडघ्यांवर शाल, मध्यंतरात चहा आणि बटाटेवडा. शेजारच्या अनोळखी आजी डब्यातली लाडवाची फोड पुढे करतात. तो आग्रह मी मोडत नाही.

सणातले लपलेले घोट मात्र सांगायला हवेत, कारण ते प्रेमानेच येतात. नाताळात कॅम्पातून येणारा प्लम केक घरचा असेल तर त्यातला सुका मेवा अनेकदा रममध्ये भिजवलेला असतो. थंडीत अंगात ऊब राहावी म्हणून मावशी द्राक्षासव देते, ताकद यावी म्हणून कुणी दशमूलारिष्ट. आसवं-अरिष्टं आंबवून करतात, त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं. बाटलीवर छापलेलंही असतं. खोकल्याच्या काही औषधांतही असतं. ‘नॉन-अल्कोहोलिक’ बिअरमध्येही अनेकदा थोडं असतं, आणि नसलं तरी तो वास, ती कडू चव, ती बाटली जुन्या नोंदी उघडते. मी सरळ विचारते, ‘यात काय आहे?’ विचारण्यात लाज वाटायची ती गेली.

डायसल्फिरामच्या गोळीवर असलेल्यांना तर हे विचारावंच लागतं. दारू शरीरात मोडताना मध्ये ॲसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ तयार होतो. ही गोळी तो पुढे मोडू देत नाही. मग थोड्याशा दारूनेही चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. ज्याला हे माहीत आहे, तो त्या भीतीच्या आधाराने पार्टी निभावून नेतो, आणि अनेकांना तिचा उपयोग झालेला मी पाहिला आहे. पण काही घरांत ही गोळी नवऱ्याला न सांगता चहात, आमटीत घातली जाते. सणासुदीत तर जास्तच, कारण ‘निदान लग्नात तरी शोभा नको.’ त्या बायकांची हतबलता मला समजते. तरीही हात जोडून सांगते, हे करू नका. त्याला ठाऊक नसताना तो प्यायला तर जिवावर बेतू शकतं.

आता यजमानांशी बोलते. माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे मुळशीच्या बाजूला दरवर्षी हुरडा असतो. शेणीच्या आगट्या, भाजलेली कोवळी कणसं, हातावर चोळून काढलेले दाणे, लसणाची चटणी, गूळ, दही. तिथे पिणारे पितात, जाऊबाई कुणाला अडवत नाहीत. मी उपचार घेऊन आल्यानंतरच्या पहिल्या हुरड्याला त्यांनी दोनच गोष्टी केल्या. बाटल्यांचं टेबल आगटीपासून दूर, विहिरीच्या बाजूला हलवलं, म्हणजे हुरडा खायला बसलेल्याला त्याच्या शेजारी बसावं लागू नये. आणि ताक, उसाचा रस, कोकम हे सगळं त्याच काचेच्या ग्लासांत ठेवलं ज्यांत बाकीचं ठेवलं होतं. सरबत प्लॅस्टिकच्या कपात आणि दारू काचेच्या ग्लासात असली की पोरासोरांच्या रांगेत उभं केल्यासारखं होतं. हे त्यांच्या कसं लक्षात आलं, मी कधी विचारलं नाही. एका दिराने मला ‘थोडीशी’ म्हटल्यावर त्या लांबून एवढंच बोलल्या, ‘ती नको म्हणाली ना.’ माझा आजार त्यांनी जाहीर केला नाही, की मला बाजूला घेऊन पाठीवर हात फिरवला नाही. पहिला नकार त्यांनी खरा मानला. आग्रहात मुरलेल्या बाईने हे करणं किती अवघड आहे, याची मला कल्पना आहे. ताकाचा आग्रह मात्र त्यांनी अजून सोडलेला नाही.

३१ तारखेला रात्री आमच्या गटाची मीटिंग असते, नऊला सुरू होते आणि बारा वाजून गेले तरी चालते. नवी माणसं त्या रात्री हमखास येतात, काही थेट कुठल्या तरी पार्टीतून उठून. त्यांना मसाला दूध देतो आणि बसवून घेतो. कुणी त्या आठवड्यात घसरलेलं असतं, त्याला आम्ही स्लिप म्हणतो. ‘आता झालंच, तर होऊन जाऊ दे’ हा पुढचा विचार त्या स्लिपपेक्षा जास्त नासधूस करतो, म्हणून त्याला त्याच रात्री सोबत हवी असते. उपदेश करायला आमच्यापैकी कुणी उभं राहत नाही.

आणि एक जानेवारी. या तारखेला पुष्कळ जण दारू सोडतात. जे अधूनमधून घेतात त्यांनी सोडली तर बिघडत नाही. पण रोज भरपूर पिणाऱ्याने, सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घेणाऱ्याने, एकदम संकल्प करून घरात दार लावून थांबवणं धोक्याचं आहे. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच घाम, थरथर, झोप न येणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, नसलेलं दिसणं, ताप, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स होऊ शकतो, आणि उपचार न मिळाल्यास त्यात माणूस जाऊ शकतो. घरचे म्हणतात, ‘सोडली तेव्हाच आजारी पडला, बघा.’ आणि त्याला पुन्हा पाजतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने हे दिवस सुरक्षित पार पडतात. कुठे जायचं कळत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक आहे, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. डॉक्टरांना प्रमाण खरं सांगा, निम्मं करून नाही, कारण औषधाचा डोस त्यावर ठरतो. आणि एकटे जाऊ नका, कुणालातरी बरोबर न्या. पहिल्या भेटीत माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. जाऊबाई शेजारी बसल्या होत्या. मला जे आकडे सांगता येत नव्हते, ते त्यांनी सांगितले.